हप्ता टेम्पोचा, बाळंतपणं बिजलीची

पत्र (थोडं आटोपतं घेऊन)

ताई, आम्ही जत तालुक्यात राहतो. थोडी कोरडवाहू जमीन आहे, मालकांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, टेम्पो आहे. आमची बिजली कारवानी जातीची कुत्री, आता अडीच वर्षांची. जानेवारीत पहिल्यांदा व्याली. आठ पिल्लं झाली, त्यातली दोन पहिल्याच आठवड्यात थंडीनं गेली. एक नराच्या मालकाला द्यावं लागलं. चार पिल्लं चाळीस दिवसांची झाल्यावर आठ-आठ हजारांना गेली. एकाचं एकच अंड खाली उतरलंय म्हणून गिऱ्हाईक परत फिरलं. त्याला आमच्या मुलीनं वाघ्या नाव ठेवलंय, आता ती त्याला सोडत नाही. डॉक्टर-औषधांचे साडेनऊ हजार झाले, खाण्याचे साडेसात. मिरजेला दिलेलं पिल्लू बाराव्या दिवशी रक्ताची हगवण लागून मेलं. तो माणूस फोनवर नको नको ते बोलला, मालकांनी त्याचा नंबर ब्लॉक केला. पुढच्या महिन्यात बिजली परत माजावर येईल. मालक म्हणतात, शर्यतीत पहिला आलेला नर दाखवू, आणखी दोन कुत्र्या घेऊ, टेम्पोचा महिन्याचा ११ हजारांचा हप्ता पिल्लांवरच निघेल. रात्री जागते मी, घाण काढते मी. पिल्लं गेली की लेक सासरी धाडल्यासारखं होतं. पण खरं सांगू? ती घरात होती तेवढे दिवस मी जितकी खूश होते, तितकी बऱ्याच वर्षांत नव्हते. हा धंदा करावा का?

— एक वाचक, जत

उत्तर

आधी निकाल सांगते, कारणं मग. बिजलीला या माजाला नर दाखवायचा नाही. आणखी कुत्र्या आणायच्या नाहीत. आणि पिल्लं काढणं सोडायचंही नाही.

सुरुवात हिशोबापासून करू, कारण मालकांपुढे तोच चालेल. बाकी काहीही सांगितलंत तरी ते त्याला तुमचा हळवेपणा म्हणतील. चार पिल्लांचे आले ३२ हजार. खर्च तुम्हीच लिहिलाय, १७ हजार. राहिले १५. गाभणपणाचे दोन महिने आणि पुढचे चाळीस दिवस धरले तर ही तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. त्यात पिल्लांच्या पुऱ्या लसी नाहीत, मायक्रोचिप नाही, नोंदणीची फी नाही. सिझेरियनची वेळ आली नाही हे नशीब. तुमच्या रात्रींचा तर एक रुपयाही कुणी धरलेला नाही. आता तीन कुत्र्या झाल्या, तिन्ही वर्षातून एकदा अशाच सुखरूप व्याल्या आणि सगळी पिल्लं खपली असं समजू. वर्षाचे झाले ४५ हजार. टेम्पोचा हप्ता वर्षाला १ लाख ३२ हजार. ही बेरीज तुम्ही करून दाखवू नका. वही आणि पेन त्यांच्या हातात द्या, आकडे तुम्ही सांगा, मांडू दे त्यांना.

कुत्र्यांवर पैसे कमावणारे नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत की. पण कसे कमावतात ते जवळून बघितलंत तर तुम्हाला त्या वाटेला जाववणार नाही. दर माजाला कुत्री भरवायची, महिन्याचं पिल्लू दीड महिन्याचं म्हणून खपवायचं, आजारी पडलं की फोन बंद. यातले सगळे मुळात वाईट नसतात. बँकेची तारीख कुत्रीची तब्येत बघून येत नाही, एवढंच. हप्ता पिल्लांवर टाकला की थकलेल्या कुत्रीला आणखी एकदा नर दाखवायला चांगल्या माणसाचाही हात कचरत नाही. म्हणून टेम्पोचा हप्ता टेम्पोनंच फेडावा. बिजलीकडून आले तर बिजलीचेच पैसे यावेत: तिच्या डॉक्टरचे, तिच्या खाण्याचे, पुढच्या पिल्लांच्या लसींचे. वर दोन पैसे उरले तर ते जागणाऱ्या माणसाचे, म्हणजे तुमचे.

दुसरं, कायदा. केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम काढले आहेत. आपल्याकडे बहुतेकांना ते ठाऊक नसतात आणि ज्यांना असतात ते हसण्यावारी नेतात. पैदास करून पिल्लं विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तिची फी पाच हजार आहे. कुत्री अठरा महिन्यांची झाल्याशिवाय नर दाखवायचा नाही. यात तुमचं काही वावगं झालेलं नाही. वर्षाला एकच वेत, लागोपाठच्या दोन माजांना नाही, जन्मात पाच वेतांपेक्षा जास्त नाही आणि आठ वर्षांनंतर तर नाहीच. नर दाखवण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही, लस टोचल्याशिवाय तर मुळीच नाही. म्हणजे पुढच्या महिन्यातला मालकांचा बेत कायद्यातच बसत नाही आणि तुमचं चाळीस दिवसांवर पिल्लं देणंही बसत नव्हतं. नोंदणीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, नाहीतर सांगलीच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात जा. खेटे पडतील. कुत्र्यांचं म्हटल्यावर तिथलाही एखादा हसेल. हसू दे.

हे आठ आठवडे कागदावरचे वाटतात, पण सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून जे शिकतं ते नंतर कुणाला शिकवता येत नाही. जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ थांबतो. आई गुरगुरली की मागे व्हायचं. चाळिसाव्या दिवशी उचललेलं पिल्लू हे सगळं मग नव्या मालकाच्या पोरांच्या हातांवर शिकतं. उशिरा दिलं की भाव पडतो हा मालकांचा समज आहे. पडतो थोडा, खोटं कशाला बोलू? पण तक्रारीही तितक्याच कमी येतात.

आता मिरजेचा माणूस. त्याचा नंबर सुरू करा आणि पैसे परत द्या. आठच्या आठ हजार. तुमच्या वर्णनावरून पार्वोच वाटतो. त्याचा विषाणू अंगात शिरल्यापासून आठवड्याभरात, कधी दोन आठवड्यांतही, आजार दिसतो, त्यामुळे तो तुमच्या अंगणातून गेला की मिरजेत लागला हे आता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. तरीही पैसे द्यायचे, कारण पिल्लू वयाच्या आधी दिलं होतं आणि त्याची लस पुरी नव्हती. पैशांबरोबर त्याला एवढंच सांगा की वर्षभर त्या जागी नवं पिल्लू आणू नका, आणायचंच तर लसींचा पूर्ण डोस झालेलं मोठं कुत्रं आणा. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपण ज्याच्यावर विसंबतो त्या फिनेलनं तो मरत नाही. पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो, तेही जागा आधी धुऊन स्वच्छ केली तर. तुमच्या खोलीची फरशीही तशीच धुऊन घ्या. पैसे परत दिले की तुमच्या हातात १५ नाही, सातच हजार उरतात. मालकांच्या वहीत तोही आकडा येऊ दे.

ती दोन पिल्लं गेली त्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. पण ती ओळ कागदावर खोडून पुन्हा लिहिलेली दिसतेय, म्हणून बोलते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. अंग गरम ठेवायची यंत्रणाच अजून सुरू झालेली नसते. आई उठून पाणी प्यायला गेली आणि पिल्लू ढिगातून बाजूला सरकलं, तर जतच्या जानेवारीच्या रात्रीत तेवढंही पुरतं. गार पडलेलं पिल्लू दिसलं की बायामाणसं आधी त्याच्या तोंडात दूध घालतात, आणि तिथंच घात होतो. गार पिल्लाचं पोट काम करत नाही, दूध आत नासतं, नाहीतर फुप्फुसात जातं. आधी पोलक्याच्या आत अंगाशी धरून ऊब द्यायची, हळूहळू, आणि ते चोखायला लागलं की मगच दूध. तेही पहिल्या दिवशी आईचंच, कारण आजारांशी लढायची ताकद त्या चिकातून येते. आई नसेल तर गाईचं दूध भागवाभागवीचं. कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि चरबी असते. पिल्लांसाठीची दूध पावडर डॉक्टरांकडून आणून आधीच घरात ठेवा, रात्री दोनला ती कुठेच मिळत नाही.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा घ्या. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधा आणि रोज एकाच वेळी वजन मांडा. आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. ज्याचं एक दिवस वाढलं नाही त्याच्याकडे लक्ष, ज्याचं घटलं त्याला घेऊन त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यांनी बघून हे कळत नाही. पिल्लू गुबगुबीत दिसतं आणि दुसऱ्या दिवशी गेलेलं असतं. तरीही एखादं जाईल. आठातलं एक गेलं तर ती तुमची कसूर आहे असं धरून बसू नका. या कामात हे दुःख येतंच, आणि ज्याला ते होईनासं झालं त्याच्याकडून मी तरी पिल्लू घेणार नाही.

बिजलीच्या बाबतीत तीन गोष्टी पाठच करा. व्यायच्या आधीच्या दिवसांत थर्मामीटर लावत राहा. अंगाचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की चोवीस तासांच्या आत-बाहेर पिल्लं येतात. अर्धा तास जोरात कळा देऊन पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव आला, तर गाडी काढायची; टेम्पो घरात आहे याचा इथे खरा उपयोग. कुणीतरी गावातला जाणकार कळा वाढवायचं इंजेक्शन घेऊन येईल, त्याला दारातून परत पाठवा. पिल्लू आडवं असेल तर त्या इंजेक्शननं गर्भाशय फाटू शकतं. आणि पिल्लं दोन-चार आठवड्यांची असताना बिजली धापा टाकायला लागली, ताठ पायांनी चालू लागली, थरथरली, तर ते अंगातलं कॅल्शियम दुधात गेल्याचं लक्षण. ही तासाभराची लढाई असते. पण म्हणून गाभणपणात मायेनं कॅल्शियमच्या बाटल्या पाजायच्या नाहीत, त्यानं हा धोका उलट वाढतो.

एवढी भीती घातल्यावर तुम्ही म्हणाल, मग हे करायचंच कशाला? तुम्ही स्वतःच लिहिलंय कशाला ते. त्या दिवसांत तुम्ही खूश होतात. त्या खुशीला धंद्याच्या तराजूत घालायची गरज नाही, ती खरी आहे. पहिलटकरीण कुत्री पिशवी फाडते, नाळ तोडते, वार खाऊन टाकते, आणि तिला हे कुणी शिकवलेलं नसतं. खरखरीत जिभेनं ढोसून ढोसून पिल्लाला श्वास घ्यायला लावते. बाराव्या-चौदाव्या दिवशी डोळ्यांच्या फटी उघडतात, आत धुरकट निळं काहीतरी असतं आणि त्याला अजून काही दिसत नसतं. तिसऱ्या आठवड्यात एखादं पहिल्यांदा भुंकतं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून बसतं. त्या आठवड्यात माझ्या घरी कुणी पाहुणा आला तर त्याला चहा मिळेलच याची खात्री देता येत नाही.

आणि कारवानीचं तर आणखी वेगळं. कारवानी पिल्लू लहानपणी अगदी बेढब, सगळे पायच पाय. मग एके दिवशी मोकळ्या रानात सुटतं आणि त्या पायांचं कारण कळतं. भरधाव पळताना या जातीचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आखडून घेतलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. आपण वाढवलेलं पिल्लू असं पहिल्यांदा पळताना बघणं, यासाठी माणसं पोटाला चिमटा घेऊन ही कुत्री सांभाळत आली आहेत. तुमच्यापासून फार लांब नाही ते कर्नाटकातलं मुधोळ. तिथल्या घोरपडे राजांनी, विशेषतः मालोजीरावांनी, ही कुत्री नावारूपाला आणली. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव याच कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. टपाल खात्यानं २००५ साली चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड, म्हणजे आपलं कारवानीच, होतं. तुमची बिजली या गोतावळ्यातली आहे, तेव्हा तिच्या पोटी काय येणार याची जबाबदारी जराशी मोठी आहे.

म्हणून नराबद्दल. शर्यतीत पहिला आलेला नर हे मला कौतुक वाटत नाही, शंका वाटते. वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त घालायची हौस आपल्याकडे फार बोकाळली आहे. अशी पिल्लं पळतात छान, पण कारवानी म्हणून विकली की ती फसवणूक. नराचे आई-बाप बघायला मागा. त्याची ब्रुसेलाची रक्ततपासणी मागा, कारण हा आजार मेटिंगमधून पसरतो, पिल्लं पाडतो आणि माणसालाही लागू शकतो. गावभर फिरणारा नर असेल तर त्याच्या लिंगावर गाठी नाहीत ना, हे डॉक्टरांना बघू द्या. कुत्र्यांमधला तो संसर्गानं पसरणारा कर्करोग मोकाट कुत्र्यांत फार आढळतो. असं विचारल्यावर नराचा मालक चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे, बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं. या मधल्या सुट्टीत एकदा तिथे जाऊन या, चार चांगले नर डोळ्यांखालून घाला. मालकांनाही न्या. माणूस चांगलं कुत्रं बघून आला की त्याची भाषा बदलते.

वाघ्याचं सांगते. पाचव्या महिन्यातही अंड उतरलेलं नाही म्हणजे आता फारशी आशा धरू नका. मुलीकडे राहू दे त्याला, कुत्रं म्हणून त्यात काही खोट नाही. फक्त त्याची पैदास करायची नाही, कारण हा दोष रक्तातून उतरतो, आणि आत अडकलेल्या अंडात पुढे कर्करोगाची गाठ होण्याचा धोका असतो. दोन्ही अंडं काढून टाकायची शस्त्रक्रिया करून घ्या, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा सांगलीत चौकशी करा. डॉक्टरांना एक आठवण द्या: या जातीच्या अंगावर चरबी नसते, भुलीची काही औषधं त्यांच्यात उतरायला फार वेळ घेतात. दोष बापाकडून येतो तसा आईकडूनही येतो. पुढच्या वेतात नर वेगळा असूनही असंच पिल्लू निघालं तर बिजलीचं बाळंतपण तिथेच थांबवा. हे कटू आहे, पण चांगली पैदास म्हणजे निम्मी पैदास न करण्याचेच निर्णय असतात.

लेक सासरी धाडल्यासारखं होतं म्हणता, तर सोयरीक तशीच तपासून करा. कुठे झोपेल, दिवसभर साखळीला असेल का, घरात विरोध कुणाचा आहे, हे सगळं विचारा. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कारवानी देऊ नका, कितीही मोजले तरी. "ससा धरतं का?" असं विचारणाऱ्याला तर दारातच थांबवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि अशा माणसाकडचं कुत्रं सहसा म्हातारं होत नाही. सांभाळणं झालं नाही तर पिल्लू आम्हालाच परत द्यायचं, अशी एक ओळ लिहून सही घ्या. कोर्टात तिचा किती उपयोग होईल देव जाणे. पण सही करताना माणूस अडखळतो का ते दिसतं, आणि मला तेवढं पुरतं.

आणि मालक. त्यांच्याशी भांडू नका, नियम ठरवा: जो रात्री जागेल त्याच्या संमतीशिवाय नर दाखवायचा नाही. त्यांना बिजलीची पिल्लं काढायचीच असतील तर पुढच्या वेतात पहिले दहा दिवस रात्रपाळी निम्मी त्यांची. हा माज सोडला तर पुढचा साधारण फेब्रुवारी-मार्चात येईल, म्हणजे पिल्लं एप्रिल-मेच्या उन्हात. तेव्हा पिल्लांना धोका थंडीचा नसेल, तापलेल्या पत्र्याचा असेल. त्याची सोय आतापासून त्यांच्याकडून करून घ्या, हे काम पुरुषांना आवडतं.

राहता राहिला पुढचा महिना. बिजलीचा माज तीन आठवडे धरून चाला. नवव्या-दहाव्या दिवशी रक्त फिकं पडलं की लोक समजतात संपलं, पण खरी ओढ तेव्हाच सुरू होते. कुत्री स्वतः भिंत उडी मारून जाते. चुकून जोड लागलाच तर दुकानातून आणून इंजेक्शन देऊ नका, त्यानं गर्भाशयात पू होऊ शकतो, डॉक्टरांकडे न्या. अंगणात बांधून भागणार नाही, आतल्या खोलीत ठेवा. वाघ्यालाही तिथं जाऊ देऊ नका. तो पोरगा दिसला तरी सहा महिन्यांचा होतोय आणि एका अंडावरही पिल्लं होतात, आईवरसुद्धा. खोलीला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याच कमरेला राहू द्या.